पॉवर बँकेचा काटा

परवा मी एक वेडेपणा केला. पॉवर बँक घेऊन किराणा दुकानात गेलो आणि म्हणालो, "अण्णा, एवढं जरा काट्यावर ठेवा."

अण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या काळ्या डबीकडं. "इकायला काढली काय?"

"नाही हो. वजन बघायचंय नुसतं."

काट्यावर आकडा आला, २१२ ग्रॅम. डबीवर ठळक पांढऱ्या अक्षरांत छापलेला आकडा होता ५०,००० एमएएच. ह्या दोन आकड्यांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही, आणि आजचा सगळा वैताग त्याबद्दलच आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या मुरगुडात, किंबहुना सगळ्या कागल तालुक्यात, काटा हा शब्द साधा नाही. इथं उसाच्या काट्यावरनं भांडणं होतात, आंदोलनं होतात, 'काटामारी' हा शब्द शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो. गाळप हंगाम आला की कारखान्यांचे वजनकाटे तपासायला भरारी पथकं नेमली जातात. दुधाचं तसंच. डेअरीत म्हशीच्या दुधाला फॅट सहाच्या जागी पाच पॉइंट नऊ लागली तर माणूस किटली तिथंच ठेवून वाद घालतो. घातलाच पाहिजे, घामाचा पैसा आहे. बाजारात वांगी घेताना म्हातारी बाईसुद्धा भाजीवाल्याला म्हणते, "काटा सरळ धर की रं."

आणि हीच सगळी माणसं एसटी स्टँडजवळच्या दुकानातनं, नाहीतर मोबाईलवर बोट दाबून, ५०,००० छापलेली डबी घेतात, आणि आत किती आहे हे एकजण विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. ती डबी मीच आणली होती. चुलतभावाला भेट म्हणून!

तर त्याची गोष्ट. भावाचा ऊस आहे. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे पाळीचं गणित गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. मोटार चालू करायला आता मोबाईल स्टार्टर आहे, घरात बसून मोटार सुरू होते. पण पाणी ह्या सरीतनं त्या सरीत मोबाईल वळवत नाही. दारं धरायला माणूसच लागतो, आणि लाईट रात्रीची असेल तर माणूस रात्रीच जातो. उसात. जिथं साप असतो, आणि अलीकडं गव्याचीही भीती असते.

त्या रात्री भाऊ गेला तेव्हा फोनमध्ये बारा टक्के होते. "असू दे, बँक आहे की," म्हणून तो निघाला. बँकेचे चारही दिवे लागत होते. फोन जोडला, फोनचीच बॅटरी लावली (आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात) आणि एकच्या सुमाराला पाणी सोडलं. दोनला बँक विझली. तीन वाजून गेल्यावर फोन विझला. मग काळोख. पाटाच्या कडेनं पायानं चाचपडत, पाण्याचा आवाज एका अंगाला ठेवून तो रस्त्यापर्यंत आला.

त्याला काही झालं नाही. म्हणून ह्याची बातमी झाली नाही, आणि होणारही नव्हती. पण सकाळी त्यानं ती डबी माझ्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "दादा, ह्यात काय भरलेलं असतंय?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला लागलो, म्हणून अण्णांच्या काट्यापर्यंत गेलो.

आता गणित. घाबरू नका, सातवीतल्या पोराला जमेल एवढंच आहे.

एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास. नुसत्या ह्या आकड्यावरनं आत किती वीज आहे ते कळत नाही. त्याला व्होल्टनं गुणावं लागतं, तेव्हा वॉट-तास मिळतात. आपल्या घरच्या मीटरचं एक युनिट म्हणजे असे १,००० वॉट-तास. पॉवर बँकेच्या आतला लिथियमचा सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. म्हणजे १०,००० एमएएचची बँक ३७ वॉट-तासांची, २०,००० ची ७४, आणि आमची ५०,००० ची १८५ वॉट-तासांची व्हायला पाहिजे.

बाजारात मिळणाऱ्या चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागे साधारण अडीचशे वॉट-तास मावतात. त्यापेक्षा फार जास्त मावत नाहीत, कारण हा रसायनाचा हिशोब आहे, जाहिरातीचा नव्हे. म्हणजे १८५ वॉट-तासांना पाऊण किलोच्या आसपास नुसते सेलच लागतील. वर डबी, सर्किट, वायर वेगळं. आणि आमची डबी सगळी मिळून २१२ ग्रॅम!

मग एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडनं ती उघडून घेतली. (घरी स्क्रू ड्रायव्हर घालून हे करू नका. सेलला भोक पडलं तर तो पेट घेतो.) आत दंडगोल आकाराचे तीन सेल निघाले. ह्या सेलला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. असला उत्तम प्रतीचा नवा सेल साडेतीन हजार एमएएचचा असतो आणि साधे दोन-अडीच हजारांचे. तिन्ही उत्तम धरले तरी बेरीज साडेदहा हजार. हे सेल तर वेष्टन बदललेले, कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपमधनं काढल्यासारखे दिसत होते. पन्नास हजार छापायला मात्र शाई पुरली.

आणि ते चार दिवे? तेही समजून घेतलं. साध्या बँकेतले दिवे बहुतेक वेळा सेलच्या व्होल्टेजवर लागतात. लिथियम सेलचं व्होल्टेज बराच वेळ थोडंथोडंच उतरतं आणि शेवटी एकदम कोसळतं. शिवाय म्हाताऱ्या सेलचं व्होल्टेज चार्ज केल्यावर पूर्ण दिसतं, पण आत साठा नसतो. पूर्वीच्या तीन सेलच्या बॅटरीचा उजेड आधी पिवळा पडायचा, मग तांबडा व्हायचा, मग आम्ही सेल काढून उन्हात ठेवायचो आणि अजून दोन दिवस ढकलायचो. ती बॅटरी संपायच्या आधी सांगून संपायची. ही चार दिवे दाखवत दाखवत संपते.

तुम्ही म्हणाल, बनावट माल घेतलास, तुझी चूक. कबूल. पण मला मोठी तक्रार चांगल्या मालाबद्दलच करायची आहे.

चांगल्या कंपनीची २०,००० ची बँक घ्या. आत खरोखर २०,००० चे सेल असतात. पण ते ३.७ व्होल्टवर. तुमच्या फोनला वीज जाते ती ५ व्होल्टवर किंवा त्याहून जास्तीवर. ५ व्होल्टचा हिशोब केला की २०,००० चे १४,८०० होतात, आणि व्होल्ट वाढवताना जी उष्णता जाते ती वजा केली की हातात येतात साडेबारा हजारांच्या आसपास. कंपनीला हे ठाऊक असतं. डबीच्या मागं, मुंगीच्या अक्षरात, 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ती हा आकडा छापतेसुद्धा. पुढं मोठ्या अक्षरात २०,००० आणि मागं भिंग लावून वाचायचा खरा आकडा. उसाच्या पावतीवर कारखान्यानं असं केलं तर? पुढं ठळक २० टन आणि मागं बारीक अक्षरात 'हाती साडेबारा'? गेट जागेवर राहील का?

"सगळ्याच कंपन्या असंच छापतात," असं ह्यावर उत्तर मिळतं. हे काय उत्तर झालं? सगळ्यांनी मिळून मारलेला काटा हा काटाच असतो.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. डबीवर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक लागतो, आणि तो 'बीआयएस केअर' ह्या ॲपवर टाकून कुणालाही तपासता येतो. पण ही नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेसाठी आहे, भरलेल्या मालाच्या मापासाठी नव्हे. माप बघायला वैधमापन खातं आहे, २००९ चा कायदा आहे. ते अण्णांचा काटा दरवेळी तपासून शिक्का मारून जातात. अण्णांचा दहा ग्रॅमचा फरक पकडणारी यंत्रणा माझा चाळीस हजारांचा फरक का पकडत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट. रोजच्या कामाला एवढी मोठी बँक लागते का?

हल्ली मुरगुडातनं कोल्हापूरला कॉलेजला जाणारी पोरंसुद्धा दप्तरात वीस-तीस हजारांची वीट घेऊन जातात. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला कशाला? ५,००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॉट-तास. प्रामाणिक १०,००० ची बँक तो दीडदा भरते. दिवसाला हे भरपूर झालं. ज्याला हे पुरत नाही त्याच्या फोनची स्वतःची बॅटरी म्हातारी झालेली असते. ती बदलायला हजार-दीड हजार लागतात. त्याऐवजी आपण दोन हजारांची बँक घेतो आणि म्हाताऱ्या बैलाला दुसरा बैल बांधून चालवतो.

मोठ्या बँकेची आणखी एक गंमत. ती भरायची कधी? जुन्या १० वॉटच्या चार्जरवर २०,००० ची बँक भरायला आठ-नऊ तास लागतात. जिथं लाईट भरवशाची नाही तिथंच ती लागते, आणि तिथंच ती कधी पूर्ण भरत नाही. बँक कुठलीही असो, भरणा केल्याशिवाय काढता येत नाही. आणि लहान वस्तू, म्हणजे कानातले इअरफोन, मनगटावरचं घड्याळ, छोटा एलईडी दिवा, ह्यांना इतकी कमी वीज लागते की बऱ्याच मोठ्या बँका 'काहीच जोडलेलं नाही' असं समजून आपोआप बंद होतात. म्हणजे घरातल्या वस्तूंसाठी घेतली, आणि घरातल्या अर्ध्या वस्तूंना ती ओळखच देत नाही.

आणि पैसे. १,५०० रुपयांची प्रामाणिक २०,००० ची बँक धरा. एका भरण्यात हाती येणार ६३ वॉट-तास. चारशे वेळा भरली, तेवढ्यात सेल थकायला लागतात, तर एकूण पंचवीस युनिटं. म्हणजे युनिटला साठ रुपये! चार्जिंगची वीज वेगळी. महावितरणनं युनिटला साठ रुपये लावले तर कागलपासून गारगोटीपर्यंत रस्ते अडतील. इथं आपण हसत हसत देतो आणि वर विचारतो, "ह्याच्यापेक्षा मोठी नाही का?"

हे सगळं मी भावाला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुझं गणित बरोबर हाय. पण रात्री पाणी पाजायला मी जातो, तू जात नाहीस."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही पूर्ण नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये जिल्ह्यानं पूर बघितला. उपकेंद्रं पाण्यात, रस्ते बंद, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीला ठप्प. तेव्हा ज्याच्याकडं चार्ज असलेला फोन होता त्याच्या दारात गल्ली जमायची. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर वायरी जोडून लोकांनी फोन जिवंत ठेवले. त्या दिवसांत पॉवर बँक ही चैन नव्हती. पीक पाहणी आता शेतात उभं राहून मोबाईलवर करायची असते, अंगणवाडीच्या ताईंचं अर्धं काम मोबाईलवर आहे. ह्यांना "बँक कशाला?" विचारणारा माणूस शहाणा नव्हे. लिथियम बॅटरीच्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं तेही २०१९ मध्येच, पुरानंतर दोन महिन्यांनी. वस्तू मोठीच आहे, माझं भांडण वस्तूशी नाही.

उलट, वस्तू एवढी गरजेची आहे म्हणूनच तिचा काटा सरळ पाहिजे. ज्याला ती चैनीसाठी पाहिजे त्याची फसवणूक झाली तर त्याचे गाण्याचे दोन तास जातात. ज्याला ती उसात पाहिजे त्याची फसवणूक झाली तर तो रात्री तीनला काळोखात उभा असतो.

आणि भावाच्या बोलण्यात दुसरा एक प्रश्न आहे, जो त्यानं विचारला नाही. तो रात्री का जातो? २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं आठवा. लाईट गेली की सगळं गाव एकदम अंधारात जायचं, आणि सगळं गाव मिळून ओरडायचं. मोर्चे निघायचे. मग ज्याला परवडलं त्यानं इन्व्हर्टर घेतला आणि तो मोर्च्यातनं घरी गेला. आता प्रत्येकाच्या खिशात एक डबी आली. डीपी जळाला तर दुरुस्तीसाठी फोन करणारे चार, आणि "माझ्याकडं चार्जिंग आहे" म्हणणारे चाळीस. शेतीला दिवसा दहा तास वीज द्या म्हणून २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकऱ्यांनी ठिय्या मारला होता. पुढच्या वर्षी सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला, तोही दिवसा वीज देण्याच्या नावानं. ज्यांच्या फीडरवर ती पोचली त्यांचं भलं झालं. ज्यांच्या फीडरवर पोचली नाही त्यांनी ती मागत राहिलं पाहिजे. खिशातली डबी ही त्या मागणीची भरपाई नव्हे.

जग ह्या डबीकडं आता डोळे उघडून बघायला लागलंय. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उभ्या जागी पेटलं. तपासात पॉवर बँकेतला बिघाड हे संभाव्य कारण म्हणून पुढं आलं. त्याच वर्षी जूनमध्ये चीननं प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेल्या बँका देशांतर्गत विमानातनं न्यायला बंदी केली. विमानाचा नियम मोजतो तो वॉट-तासांत. १०० पर्यंत चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी, वर नाही. म्हणजे आमची ५०,००० वाली, डबीवरचं खरं मानलं तर, १८५ वॉट-तासांची, विमानात चढूच शकत नाही. आणि खोटं मानलं तर ती काय आहे हे कुणालाच माहीत नाही. अशी वस्तू आपण मोटारसायकलच्या डिकीत, उन्हात, नाहीतर उशीखाली घेऊन झोपतो.

मग मागणी काय? चारच. डबीवर पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, हाती येणारे वॉट-तास छापा. शेजारी वजन छापा. वैधमापन खात्यानं दुकानातनं पाच डब्या उचलून त्या खरंच रित्या करून बघाव्यात आणि आकडे जाहीर करावेत. आणि फुगलेली, मेलेली बँक परत घ्यायला प्रत्येक दुकानात एक पेटी असू दे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहेच, पण आमच्याकडं ती डबी उकिरड्यावरच जाते.

तोपर्यंत आपण काय करायचं? 'आर' क्रमांक तपासा. डबीच्या मागचं बारीक अक्षर आधी वाचा. आणि वजन करा! दहा हजारामागं दीडशे ग्रॅमपेक्षा बरंच कमी भरलं तर ती खोटी समजा. वजन बरोबर भरलं म्हणजे खरीच, असं मात्र नाही. आत वाळू आणि लोखंडाचे तुकडे भरलेल्याही बँका निघालेल्या आहेत. काटा खोट्याला पकडतो, खऱ्याची हमी देत नाही.

भावाला मी आता १०,००० ची नोंदणीकृत बँक घेऊन दिली. शिवाय एक वेगळी हातातली बॅटरी, जिचा फोनशी काही संबंध नाही. तो म्हणाला, "हे आधीच द्यायचं की." खरं आहे.

काल अण्णांच्या दुकानावरनं जाताना त्यांनी हाक मारली. माझं बघून आणखी तिघं त्यांच्या काट्यावर बँक ठेवून गेले म्हणे. एकाची तीस हजारांची, भरली १९० ग्रॅम.

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हणतोय. खिशात घालून गेला."